जुना शेक झालेल्या पिशवीत पाणी दिसतंय: सोनोग्राफी, एमआरआय, पेट स्कॅन यांतून नेमकं काय कळतं? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. सासूबाईंबद्दल विचारायचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

वय ६७. २०१० मध्ये पिशवीच्या तोंडाचा (गर्भाशयमुखाचा) कॅन्सर निघाला होता. तेव्हा ऑपरेशन झालं नाही. बाहेरून २५ शेक (रेडिएशन), दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून शेक, असा उपचार झाला. सुरुवातीची पाच वर्षं नियमित तपासणी केली, सगळं स्वच्छ होतं. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं की आता वर्षातून एकदा दाखवलं तरी चालेल. हळूहळू तेही मागे पडत गेलं, कारण त्रास काहीच नव्हता.

आता काही आठवड्यांपासून ओटीपोटात जड वाटतं, ओढल्यासारखी कळ येते. अंगावरून लाल जात नाही, पांढरंही नाही. ताप नाही. कॉलेज रोडला सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय की पिशवीच्या पोकळीत गढूळ द्रव साठला आहे, मागच्या भिंतीवर अस्तर एका जागी ९ मिमी जाड आणि ओबडधोबड दिसतं, पिशवीचं तोंड नीट दिसत नाही.

एका डॉक्टरांचं म्हणणं, शेक झालेल्या बायकांत असं पाणी राहतंच, सहा महिन्यांनी परत बघू. दुसऱ्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, थांबू नका, एमआरआय करून घ्या. घरात दोन मतं झाली आहेत. सासूबाई स्वतः म्हणतात, "माझी पिशवी तर तेव्हाच जळून गेली, आता तिथे काय होणार?"

ज्यांना या विषयातलं कळतं किंवा घरात अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

क्षकिरण

मी नाशिकमध्येच रेडिओलॉजिस्ट आहे. फिल्म न बघता निदान सांगता येत नाही आणि सांगू नये, पण हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो.

आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक देतात तेव्हा पिशवी काढत नाहीत, ती आतच असते. आकसते, अस्तर पातळ होतं, पण अस्तराच्या पेशी पूर्ण संपतातच असं नाही. त्यामुळे त्या अस्तरात पुढे काही होऊ शकत नाही हा समज बरोबर नाही.

आता पाण्याबद्दल. शेकामुळे पिशवीचं तोंड आखडतं, कधी पूर्ण बंद होतं. बाटलीला बूच बसावं तसं. मग आतला स्राव, रक्त किंवा पू बाहेर येत नाही, पोकळीत साठतो. साधा स्राव साठला असेल तर तो सोनोग्राफीत काळा, स्वच्छ दिसतो. गढूळ दिसला तर रक्त किंवा पू असण्याची शक्यता जास्त. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं इतपत खरं आहे की नुसत्या तोंड आखडण्यानेही पाणी साठतं.

पण इथेच धोका आहे. पाळी गेलेल्या बाईला अस्तराचा कॅन्सर झाला तर बहुतेक वेळा तो लवकर सापडतो, कारण अंगावरून लाल जायला लागतं आणि ती डॉक्टरकडे येते. शेकाने तोंड बंद झालेल्या बाईला हा इशाराच मिळत नाही. रक्त आतच राहतं. म्हणून "लाल जात नाही" या गोष्टीचा दिलासा तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत घेऊ नका.

अस्तराची जाडी मोजताना द्रव सोडून पुढची आणि मागची भिंत वेगवेगळी मोजून बेरीज करायची असते. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या बायकांसाठी ४ मिमीपर्यंतचं पातळ अस्तर हे सुरक्षिततेचं माप मानतात. इथे एकाच जागी ९ मिमी आणि ओबडधोबड आहे. शिवाय शेकानंतर वर्षांनी होणारे अस्तराचे कॅन्सर बरेचदा नेहमीच्या सौम्य जातीचे नसतात. सीरस किंवा कार्सिनोसार्कोमा अशा आक्रमक जातींचं प्रमाण त्यांत जास्त असतं, आणि सीरस जात पातळ अस्तरातही असू शकते. त्यामुळे सहा महिने थांबावं असं मला वाटत नाही. कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) आणि डिफ्युजन (पेशींमधलं पाणी किती हलतं ते दाखवणारी चित्रं) यांसह पेल्व्हिसचा, म्हणजे ओटीपोटाचा, एमआरआय करा.

मध्येच थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखायला लागलं तर पिशवीत पू झाला असू शकतो. मग एमआरआयची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आनंदवली

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून विचारतो. पंधरा वर्षं झाली म्हणजे रोग बरा झाला, असंच आम्हाला सगळीकडे सांगितलं जातं. आता ६७ वर्षांच्या बाईला पुन्हा कॅन्सरची भीती घालायची, हजारोंची तपासणी करायची आणि शेवटी नुसतं पाणीच निघायचं. माझ्या आईच्या बाबतीत असंच झालं होतं. घरातलं वातावरण महिनाभर बिघडलं.

क्षकिरण

तुमच्या आईला काही निघालं नाही याचा आनंदच आहे, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत तसंच होतं. शेक झालेल्या बहुतेक बायकांना हा दुसरा कॅन्सर होत नाही.

फरक एवढाच की इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुना आजार परत येणं आणि शेक लागलेल्या भागात नवा आजार होणं. जुना परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, म्हणून पाच वर्षांनी आपण सुटकेचा श्वास घेतो. नवा कॅन्सर मात्र उशिरा येतो, अनेकदा दहा वर्षं उलटून गेल्यावर. म्हणून "इतकी वर्षं झाली" हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, दुसऱ्याचं नाही. २०१० च्या उपचारांनी त्यांचा जीव वाचवला हे तर खरंच आहे, त्या उपचारावर शंका घ्यायचं कारण नाही.

निफाडकर

आमच्या आत्याची गोष्ट सांगतो, उलट बाजूची आहे पण उपयोगी पडेल.

आत्याला पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक झाला होता. दीड-दोन वर्षांनी कंबर इतकी दुखायला लागली की द्राक्षाच्या हंगामात मळ्यात चक्कर मारणंही बंद झालं. एका ठिकाणी हाडांचा स्कॅन केला, माकडहाडाच्या वरच्या हाडात दोन्ही बाजूंनी चमक आली. सरळ सांगितलं की हाडात पसरलाय, आता फार काही करता येणार नाही. घरात रडारड झाली. चुलतभावाने हट्टाने सगळ्या सीडी घेऊन दुसरं मत घेतलं. त्यांनी एमआरआय आणि सीटी शेजारी शेजारी लावून बघितलं आणि म्हणाले, हा कॅन्सर नाही, शेकाने ठिसूळ झालेल्या हाडाला बारीक तडे गेलेत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडाचं औषध, विश्रांती. काही महिन्यांत आत्या चालायला लागल्या. आजही आहेत.

म्हणून माझं एकच सांगणं, चमकतंय म्हणजे कॅन्सर असं कोणी म्हटलं तर पुन्हा विचारा.

क्षकिरण

निफाडकर, फार चांगलं लिहिलंत. सेक्रम नावाच्या त्या हाडातले तडे शेकानंतर चांगलेच आढळतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत. स्कॅनवर दोन उभ्या चमकत्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी, इंग्रजी एच अक्षराची आकृती दिसते. नेहमी पूर्ण एच दिसत नाही, तिथेच गल्लत होते. सीटीवर तड्याची रेघ दिसते, आणि एमआरआयवर गाठ नसते, सूज असते.

शेकाचे असे बरेच ठसे राहतात. शेक लागलेल्या हाडातला मगज चरबीचा होतो आणि एमआरआयच्या टी१ प्रकारच्या चित्रात उजळ दिसतो. मूत्राशय आणि गुदाशयाच्या भिंती जाड होतात. मूत्रनळी आखडून किडनीला सूज येते, तीसुद्धा वर्षांनी. वाचणाऱ्याला जुन्या शेकाची माहितीच नसेल तर यातली प्रत्येक गोष्ट आजार वाटू शकते, आणि उलट खरा आजार "शेकाचा परिणाम" म्हणून सुटू शकतो. म्हणून गोदाकाठची ताई, एमआरआयला जाण्याआधी दोन गोष्टी मिळवा: २०१० चा रेडिओथेरपीचा सारांश आणि उपचारानंतरचा कुठलाही जुना एमआरआय किंवा सीटी, शक्यतो सीडीसकट. नुसता रिपोर्टचा कागद असला तरी आणा.

मशीनशेजारी

मी एमआरआय टेक्निशियन, मुंबई नाक्याच्या परिसरात काम करतो. तयारीचं सांगतो, म्हणजे पेशंटला परत पाठवायची वेळ येत नाही.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा. गॅडोलिनियमचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन द्यायचं तर किडनीचं काम बघावं लागतं, आणि शेक झालेल्या बाईत ते जास्तच जपून. चार-सहा तास उपाशी ठेवायला सांगतात, कारण आतड्यांची हालचाल कमी असेल तर चित्र साफ येतं. त्यासाठीच बऱ्याच ठिकाणी बस्कोपॅनचं इंजेक्शनही देतात. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते आधी सांगा. लघवी अगदी तुडुंब नको आणि पूर्ण रिकामीही नको.

मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना, कंबरेचा आकडा, सगळं घरीच काढून या. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, जुनं ऑपरेशन, काहीही असेल तर फॉर्मवर लिहा. आतल्या शेकाच्या वेळी जी उपकरणं बसवतात ती त्याच वेळी काढलेली असतात, ती आत राहत नाहीत.

आजीबाई नेहमी विचारतात, "यात परत शेक बसतो का?" नाही. एमआरआयमध्ये किरणं नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. आवाज मोठा असतो, कानाला बोळे देतो. अर्धा-पाऊण तास स्थिर पडावं लागतं. शेकानंतर योनीमार्ग अरुंद झालेला असतो. काही ठिकाणी चित्र स्पष्ट यावं म्हणून आत जेल घालतात. दुखत असेल तर त्यांनी तिथल्या ताईंना मोकळेपणाने सांगावं, जेलशिवायही तपासणी होते. आतून सोनोग्राफीचंही तेच आहे, जबरदस्ती कोणी करू नये.

सुरगाण्याची_आशा

हे सगळं वाचून एक मनापासून लिहिते. आमच्याकडच्या बायका नाशिकला तपासणीला येतात तेव्हा पहाटेची एसटी पकडून सीबीएसला उतरतात, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तिथे गेल्यावर कळतं की क्रिएटिनिन नाही, किंवा खाऊन आल्यात, किंवा जुने कागद हवेत. मग परत गाव. दुसऱ्यांदा त्या येतच नाहीत. वर मशीनशेजारी दादांनी जे लिहिलंय ते तालुक्यालाच कोणी सांगितलं तर निम्मा प्रश्न सुटेल. रक्ताची तपासणी ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते.

जुन्या फायलींचं तर विचारूच नका. आमच्याकडचा पाऊस आणि कौलारू घरं, फिल्म एकमेकींना चिकटून जातात. मी आता माझ्या वाडीतल्या शेक झालेल्या दोघींच्या सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत, आणि त्यांच्या मुलांच्या फोनवरही पाठवलेत.

ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणती तपासणी, कोणता उपचार बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. एमआरआय झाला. २०१० च्या फाइलचा नंबर सासऱ्यांच्या डायरीत सापडला, त्यावरून उपचार झालेल्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाने रेडिओथेरपीचा सारांश दिला. २०१३ च्या एमआरआयची सीडीही कपाटात मिळाली, ती चालली.

रिपोर्टचा सार असा: पिशवीच्या तोंडाचा भाग टी२ प्रकारच्या चित्रात गडद, आखडलेला, २०१३ सारखाच. पोकळीत रक्तमिश्रित द्रव. मागच्या भिंतीवर साधारण २.४ सेंमीचा घट्ट भाग, डिफ्युजनमध्ये चमकतो, एडीसी नकाशात (डिफ्युजनचं मोजमाप) काळा, कॉन्ट्रास्टही घेतो. २०१३ मध्ये तो नव्हता. भिंतीत निम्म्यापेक्षा कमी खोल गेलेला वाटतो, पण जंक्शनल झोन (अस्तर आणि स्नायू यांच्यामधली पट्टी) दिसत नसल्याने खोलीबद्दल खात्री देता येत नाही. लिम्फ ग्रंथी वाढलेल्या नाहीत. सेक्रममध्ये चरबीचा मगज, शेकाचा परिणाम.

म्हणजे कॅन्सरच का?

क्षकिरण

ताई, संशय बळावला आहे हे खरं. पण निदान बायोप्सीनेच होतं, कुठल्याही मशीनने नाही.

तुमच्या रिपोर्टमधल्या सगळ्यात मोलाच्या शब्दांकडे लक्ष द्या: "२०१३ मध्ये नव्हता" आणि "२०१३ सारखाच". जुनी सीडी नसती तर पिशवीच्या तोंडाच्या त्या आखडलेल्या भागावरही प्रश्नचिन्ह राहिलं असतं. शेकानंतरचा जुना व्रण टी२ मध्ये गडद असतो, कॉन्ट्रास्ट कमी आणि उशिरा घेतो. गाठ त्याहून उजळ राखाडी असते, कॉन्ट्रास्ट लवकर घेते, आणि पेशी दाटीवाटीने असल्यामुळे तिच्यातल्या पाण्याला हालायला जागा नसते. डिफ्युजनमध्ये चमक आणि एडीसीमध्ये काळं ही त्याचीच खूण. नुसत्या डिफ्युजनवर विसंबता येत नाही, कारण घट्ट पू आणि जुनं रक्तसुद्धा असंच दिसू शकतं. तुमच्या रिपोर्टमध्ये तो भाग कॉन्ट्रास्टही घेतो, पू किंवा रक्त आतून कॉन्ट्रास्ट घेत नाही. म्हणून ही घट्ट वाढ आहे असं म्हणता येतं.

खोलीबद्दल वाचणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. अस्तर आणि स्नायू यांच्यामधली गडद पट्टी बघून आपण खोली ठरवतो. वयाने आणि शेकाने ती पट्टी पुसली जाते. तिथे ठाम आकडा लिहिला असता तर मला काळजी वाटली असती.

पुढची पायरी बायोप्सी. तोंड आखडलेलं असताना आंधळेपणाने उपकरण घातलं तर पिशवीला भोक पडू शकतं. म्हणून भूल देऊन, वरून सोनोग्राफी लावून करणाऱ्या तज्ज्ञांकडेच जा. द्रवही त्याच वेळी काढतात आणि तपासायला पाठवतात.

किरणसेवा

रेडिओथेरपी विभागात काम करते. शेकाचा सारांश एवढा का मागतात ते सांगते.

बाहेरून साधारण ४५ ते ५० ग्रे (शेकाची मात्रा मोजायचं एकक) आणि वर आतला शेक धरून पिशवीच्या तोंडाशी ८० ग्रेच्या आसपास किंवा जास्त मात्रा पोचवलेली असते. मूत्राशय, गुदाशय, आतडी यांनीही त्यातला वाटा घेतलेला असतो, आणि तो हिशोब वर्षांनी पुसला जात नाही. त्यामुळे नवा कॅन्सर निघाला तर पुन्हा पूर्ण शेक देणं सहसा शक्य नसतं, आणि जमत असेल तिथे ऑपरेशनचा विचार आधी होतो.

ऑपरेशनही सोपं नसतं. शेक झालेल्या भागात अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, जखम भरायला वेळ लागतो, मूत्राशय किंवा गुदाशयाला छिद्र पडून फिस्च्युला होण्याचा धोका असतो. म्हणून सर्जन एमआरआयमध्ये गाठीपुरतं बघत नाहीत. पिशवी आणि मूत्राशय यांच्यातली चरबीची रेघ शाबूत आहे का, मूत्रनळ्या कुठून जातात, किडनीला सूज आहे का, हे सगळं बघतात. रिपोर्टमध्ये यांतलं काही नसेल तर रेडिओलॉजिस्टना विनंती करून लिहून घ्या.

पेट-सीटी केला तर एक लक्षात ठेवा. शेकाची सूज, पू, आतडी, मूत्राशयातली लघवी यांतही स्कॅनसाठी टोचलेलं साखरेसारखं औषध जमतं आणि चमकतं. त्याचा मुख्य उपयोग ग्रंथी आणि दूरच्या अवयवांत पसरलंय का हे पाहायला. रक्तातली साखर २०० च्या खाली हवी, चार-सहा तास उपाशी, स्कॅनच्या आधी लघवी करून यायचं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी विचारा, त्याने आतडी फार चमकतात.

गोदाकाठची

बायोप्सीचा रिपोर्ट आला. सीरस जातीचा कॅन्सर, अस्तराचाच, जुना परतलेला नाही. पेट-सीटीत बाहेर कुठे पसरलेलं नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी स्वतःच सुचवलं म्हणून बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक आणि दोन्ही एमआरआयच्या सीडी घेऊन परळला टाटाला दाखवलं. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलो, दादरला उतरलो. तिथेही तेच निदान आलं. पिशवी, अंडाशय काढायचं ऑपरेशन ठरलंय, नंतर केमो. त्यांचा सर्जन जुन्या शेकाच्या सारांशाचं पान बराच वेळ वाचत होता.

सासूबाईंना सगळं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, कळलं ते बरं झालं. आनंदवली दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं नाही, घरात आमचे दीरही तेच म्हणत होते.

आनंदवली

ताई, त्यांना लवकर बरं वाटो. रक्त लागलं तर इथेच कळवा, माझा बी पॉझिटिव्ह आहे.

देवळाली_कॅम्प

माझ्या आईचा शेक संपून सहा आठवडे झालेत. पोट दुखलं म्हणून एमआरआय केला, तर पिशवीच्या तोंडाशी अजून उजळ भाग दिसतो असं लिहिलंय. शेक फुकट गेला का?

क्षकिरण

नाही, असं समजू नका. शेकानंतरचे पहिले काही आठवडे तो भाग सुजलेला असतो आणि टी२ मध्ये उजळ दिसतो. उरलेली गाठ आणि सूज यांतला फरक या काळात करणं आम्हालाही अवघड जातं. पेटमध्येही तेच, सूज चमकते. म्हणून उपचाराचं फळ बघायचा स्कॅन साधारण तीन महिन्यांनी करतात. आधी कुठे आणि किती मोठी गाठ होती ते जुन्या चित्रांत बघूनच तुलना होते, त्यामुळे पहिली सीडी जपून ठेवा. पोट का दुखतं हे मात्र त्यांच्या रेडिएशन डॉक्टरांना आताच दाखवा, त्यासाठी थांबू नका.

सुरगाण्याची_आशा

माझ्या त्या दोघींना काहीच त्रास नाही. एकीला अकरा वर्षं झालीत. दर वर्षी एमआरआय करायला सांगू का?

क्षकिरण

नको. त्रास नसताना दर वर्षी एमआरआय करत राहण्याचा फायदा नाही, आणि त्यांच्यासाठी तो प्रवास आणि खर्च मोठा आहे. वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतून तपासणी व्हावी. ओटीपोटात नवी कळ, लाल किंवा घाण वासाचं पाणी जाणं, ताप, पायाला सूज, लघवी कमी होणं, यातलं काहीही झालं तर आधी सोनोग्राफी. पिशवीत द्रव दिसला तर पुढे नाशिकला पाठवा.

सुरगाण्याची_आशा

चिठ्ठीवर काय लिहून देऊ? इथे नेहमी नुसतं "पोटदुखी" लिहितात.

क्षकिरण

असं लिहा: "गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अमुक साली पेल्व्हिसला रेडिएशन, बाहेरून आणि आतून. पिशवी काढलेली नाही. आता ओटीपोटात दुखणं. पोकळीत द्रव आहे का, अस्तराची जाडी द्रव सोडून किती, दोन्ही किडन्यांना सूज आहे का, ते कृपया पाहावे." आणि मागच्या रिपोर्टचा तुमच्या मोबाईलमधला फोटो सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तिथेच दाखवायला सांगा.